आधी गेलेल्यांचा आधार: मराठी ख्रिस्ती समाजाची पहिली पिढी

ख्रिस्ती परंपरेत आधीच्या श्रद्धावंतांची आठवण ठेवण्याला मोठे महत्त्व आहे. इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायात हाबेलापासून संदेष्ट्यांपर्यंत एकेकाचे नाव घेऊन त्यांच्या विश्वासाची उजळणी केली आहे. छळ सोसणाऱ्या वाचकांनी खचू नये हा तिचा हेतू उघड दिसतो. पुढे रोमी साम्राज्यातल्या रक्तसाक्ष्यांच्या कथाही याच कारणासाठी मंडळ्यांमधून वाचल्या जात. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात मात्र नव्या ख्रिस्ती माणसापुढे सिंह किंवा चिता नव्हती. त्याची कसोटी घराच्या उंबऱ्यावर लागे. पंगतीतले पान, विहिरीवरचे पाणी, बापाच्या इस्टेटीतला वाटा, माहेरी नेऊन ठेवलेली बायको, असे तिचे स्वरूप होते. या कसोटीला रोमच्या कथा फारशा उपयोगी पडत नव्हत्या. जवळच्या, ओळखीच्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या कोणीतरी ती आधी दिलेली असावी लागे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले. 1831 मध्ये या मिशनने अहमदनगरला ठाणे घातले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन मुंबईत शाळा चालवीत. पहिली पंचवीस वर्षे शाळा आणि छापखाने वाढले, माणसे फारशी वळली नाहीत. 1839 साली चित्र बदलले. त्या वर्षी मे महिन्यात धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या विल्सन यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मुंबईत खळबळ उडाली. धनजीभाईंना परत मिळवण्यासाठी समाजाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. तरुण समजत्या वयाचा आहे, त्याने कोठे राहायचे ते त्यानेच ठरवावे, असा कोर्टाचा निकाल झाला. पालकांनी भराभर मुले शाळेतून काढून घेतली. त्याच वर्षी नगरला हरिपंत रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. ते आणि रामकृष्णपंत मोडक 1854 मध्ये पाळक झाले.

पारशी तरुणांच्या प्रकरणानंतर चार वर्षांनी, 1843 मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो बारा वर्षांच्या आसपासचा होता. हेही प्रकरण कोर्टात गेले, पण मुलगा अज्ञान म्हणून त्याला वडिलांच्या हवाली करण्यात आले. खरा पेच त्यानंतर उभा राहिला. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या आणि जेवलेल्या मुलाला जातीत परत घेता येते का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घेता येते अशी भूमिका घेतली, आणि त्यापायी त्यांना स्वतःलाच जातीचा रोष ओढवून घ्यावा लागला. श्रीपतला परत आणू पाहणाऱ्याची ही अवस्था, तर परत न येणाऱ्या नारायणरावांची काय असेल याची कल्पना करता येते. ते डगमगले नाहीत. पुढे जालन्याजवळ हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी मुख्यतः मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल नावाचे गाव वसवले.

कायदाही सुरुवातीला आड येई. हिंदू धर्मशास्त्राच्या रूढ अर्थानुसार धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क जात असे. 1850 च्या 21 व्या कायद्याने जात किंवा धर्म बदलल्यामुळे मालमत्तेवरचा हक्क बुडणार नाही असे ठरले. 1866 च्या कायद्याने, धर्मांतरानंतर जोडीदार नांदायला तयार नसेल तर विवाह मोडण्याची वाट मोकळी झाली. कागदावर बरेच सुटले. पंगतीत पान वाढायला मात्र कोणताही कायदा सांगू शकत नव्हता.

या पिढीतले सगळ्यांत मोकळे आत्मनिवेदन बाबा पदमनजींचे आहे. 1831 मध्ये बेळगावला कासार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा तिथल्या मिशनच्या शाळेत शिकला आणि पुढे मुंबईला फ्री चर्चच्या विद्यालयात आला. नारायण शेषाद्री तिथेच शिकवीत होते. पुस्तकातला आदर्श आणि वर्गात समोर उभा असलेला माणूस यांत केवढा फरक असतो! घरदार तुटूनही माणूस जगतो, शिकवतो, हसतो, हे पदमनजींना रोज दिसत होते.

तरीही त्यांना बरीच वर्षे लागली. मधल्या काळात ते परमहंस मंडळीत होते. 1849 च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण यांनी काढलेली ही सभा जातिभेद मानत नसे, पण तिचे सगळे व्यवहार बंद दाराआड चालत. नव्या सभासदाला ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव आणि मुसलमानाच्या हातचे पाणी घ्यावे लागे. एवढे झाले की तो घरी जाऊन पुन्हा सोवळ्यात बसायला मोकळा. जातिभेद मोडायचा, पण तो मोडल्याचे कोणाला कळू द्यायचे नाही, ही विसंगती पदमनजींना टोचू लागली. मंडळीतले पुष्कळ सभासद विद्वान होते आणि विचाराने पदमनजींच्या पुढेही असतील, पण चव्हाट्यावर येण्याची त्यांची तयारी नव्हती. सभासदांची यादी चोरीला गेल्याची बातमी 1860 च्या सुमारास फुटली आणि मंडळी विस्कटली ती कायमची. पदमनजी त्याआधीच, 1854 मध्ये, बेळगावला उघडपणे बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले होते. 1857 मध्ये त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या स्थितीवरची कादंबरी आली. ‘अरुणोदय’ या 1888 च्या आत्मचरित्रात आपण किती वेळा कच खाल्ली हे त्यांनी लपवलेले नाही. म्हणूनच ते पुस्तक पुढच्यांच्या कामी आले. वीराच्या गोष्टीने माणूस दिपतो, पण आपल्यासारख्याच भित्र्या माणसाने शेवटी पाऊल टाकले हे वाचले की त्याला हुरूप येतो.

नीळकंठशास्त्री गोरे यांची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित मिशनऱ्यांशी वाद घालून त्यांना निरुत्तर करायला गेला आणि त्या वादातून स्वतःच पालटला. 1848 मध्ये जौनपूरला त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि नेहेम्या हे नाव त्याला मिळाले. बुद्धीला पडलेले प्रश्न त्याने कधी दडपले नाहीत. शंकांशी त्याचे झुंजणे जन्मभर चालले, आणि त्याचा अधिकार बहुधा त्यातूनच आला. पुढे फादर गोरे पुण्यात राहू लागले. तिथे त्यांची पंडिता रमाबाईंशी गाठ पडली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनी संघाकडे राहत असताना रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागे गोऱ्यांच्या पत्रांचा आणि युक्तिवादाचा मोठा वाटा असल्याचे त्यांनी मान्य केले आहे. संस्कृत शास्त्रे कोळून प्यालेल्या बाईला इंग्रज भगिनींचा युक्तिवाद पुरता पटत नव्हता. त्याच शास्त्रांतून बाहेर पडलेल्या माणसाचे म्हणणे तिला पटले.

रमाबाईंना धैर्य दोन आघाड्यांवर लागले. एक आघाडी पुण्याची. तिथले वातावरण कसे होते हे 1890 च्या पंचहौद मिशनमधल्या चहाच्या प्रकरणातून कळते. मिशनच्या घरात पुढे आलेला चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, चालले, आणि प्रायश्चित्ताचा घोळ दोन वर्षे पुरला. एका पेल्याची ही किंमत! 1893 मध्ये शारदासदन या रमाबाईंच्या शाळेतल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा गवगवा झाला, तेव्हा रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दुसरी आघाडी खुद्द चर्चमधली होती. बिशप किंवा भगिनी सांगतील तेच मानायला रमाबाई तयार नव्हत्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या स्वाधीन होणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा रोख आहे. मिशनच्या इतिहासांत पहिल्या आघाडीचे वर्णन भरपूर असते. दुसरीबद्दल ते बहुतेक मौन पाळतात.

पूर्वसुरींच्या उदाहरणातून बळ घेण्याची मराठी ख्रिस्ती इतिहासातली सर्वांत ठळक नोंद रमाबाईंच्याच ‘साक्षी’त आहे. शारदासदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या मुदतीची होती. ती संपल्यावर काय, हा प्रश्न होता. त्या सुमारास त्यांच्या वाचनात तीन चरित्रे आली. पहिले ब्रिस्टलला कोणाकडेही हात न पसरता अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे, दुसरे चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलरच्या मिशनचे आणि तिसरे दक्षिण समुद्रातल्या बेटांवर राहिलेल्या जॉन पेटनचे. परक्या देशात देवावर भार टाकून माणसे अशी जगू शकतात, तर हिंदुस्थानात का नाही, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली घेऊन परतल्या. पुण्याजवळ केडगावच्या माळावर त्यांचे शेत होते, विहिरी खणल्या होत्या. तिथेच मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. छापखाना, घाणी, हातमाग हे सगळे बायका चालवीत. चरित्र वाचून डोळे पुसणारे पुष्कळ असतात. रमाबाईंच्या वाचनातून केडगावची वसाहत उभी राहिली.

आतापर्यंतची नावे बहुतेक शिकलेल्या, वरच्या जातींच्या माणसांची आहेत. ती लिहू शकत होती, म्हणून उरली. नगर आणि जालना भागातल्या मंडळ्या भरल्या त्या मात्र मुख्यतः महार आणि मांग कुटुंबांनी. त्यांना गमवायला वरच्यांसारखी इस्टेट नव्हती, असे सहज म्हटले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. गावकीचे काम, बलुत्याचा वाटा, पाटलाची मर्जी यांवर त्यांचे पोट होते. रविवारी काम करणार नाही, मेलेले ढोर ओढणार नाही, असे म्हणणाऱ्या माणसाचा सुगीचा वाटा अडू शकत होता. त्याच्या बाजूने कोर्टात उभे राहणारे कोणी नसे. या माणसांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांची नावे बाप्तिस्म्याच्या वह्यांतून तेवढी सापडतात.

वाचता न येणाऱ्या या समाजापर्यंत जुन्या श्रद्धावंतांची उदाहरणे पोचली ती कीर्तनातून. 1860 नंतर नगरला कृष्णराव सांगळे आणि त्यांचे साथी ख्रिस्ती कीर्तन करू लागले. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान, वीणा, टाळ आणि मृदंग, सगळा थाट मराठी होता. आख्यान मात्र बायबलमधले असे. चावडीपुढे किंवा झाडाखाली बसून ते ऐकलेल्या माणसाला हाती छापील पुस्तक येण्याआधीच पूर्वज मिळाले. मिशनच्या व्याख्यानांनी जे साधले नाही ते या कीर्तनांनी साधले, असे म्हणायला हरकत नाही.

कवी नारायण वामन टिळकांनी पुढे हाच देशी सूर पेलला. नागपूरहून राजनांदगावला जाताना 1893 मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा पूर्वसुरी ख्रिस्ती नव्हता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते म्हणत. मिशनच्या पगाराची नोकरी त्यांनी 1917 मध्ये सोडली, आणि देशी मंडळ्यांनी परदेशी मिशनच्या खर्चावर जगू नये हे आपले म्हणणे स्वतः अमलात आणले.

त्यांच्या बाप्तिस्म्याचा सर्वांत मोठा भार पडला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. त्यांना न विचारता सगळे घडले होते. जवळजवळ पाच वर्षे त्या लहान मुलाला, दत्तूला, घेऊन आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. नंतर पतीकडे नगरला आल्या, पण सोवळे सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात एक ब्राह्मण चूल पेटत राहिली, आणि टिळकांनी तिच्यावर पाणी ओतले नाही. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतः केला, आधी सर्वांच्या हातचे पाणी घेतले आणि मगच 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यापाठोपाठ जाण्यापेक्षा हे थांबणे अवघड होते. टिळक 1919 मध्ये वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि दत्तू म्हणजे देवदत्त टिळक चालवीत असलेल्या ‘संजीवनी’ मासिकात आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने पुस्तकरूपाने येऊ लागली. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत तिची गणना होते, आणि तिचे बहुसंख्य वाचक पहिल्यापासून ख्रिस्ती समाजाबाहेरचेच राहिले आहेत.