महार सैनिक : ब्रिटिश लष्करातील सेवा व सामाजिक अनुभव

महाराष्ट्रातील महार समाजाने ब्रिटिश लष्करात केलेली सेवा, त्या सेवेतून त्याला आलेले अनुभव आणि तिच्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी यांना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात विशेष महत्त्व आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अठराव्या शतकापासून महार शिपाई होते. १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये ती तात्पुरती सुरू झाली, १९२१ मध्ये पुन्हा थांबली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंटच्या स्थापनेने तिला स्थिर रूप आले. इतर अनेक समाजांच्या दृष्टीने सैनिकी पेशा हे उपजीविकेचे व पराक्रमाचे साधन होते. महार समाजाच्या दृष्टीने तो त्याखेरीज आणखी काही होता. गावगाड्याबाहेर माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरू शकते, याचा पहिला व्यापक अनुभव त्याला पलटणीत मिळाला.

पूर्वपीठिका : गावगाड्यात महार हा वतनदार होता. वेशीची राखण, शिवेच्या तंट्यात साक्ष, सरकारी सारा पोहोचविणे, सांगावे नेणे, सरकारी अंमलदारांची सरबराई इ. कामे त्याच्याकडे असत. त्याबद्दल वतनी जमीन व बलुते मिळे. परंतु गावकुसाबाहेरची वस्ती, पाणवठ्याची बंदी आणि जोहार घालण्याची सक्ती हीही त्याच व्यवस्थेची अंगे होती. मराठेशाहीत किल्ल्यांच्या घेऱ्यातील राखणीच्या कामावर महारांच्या नेमणुका होत. खर्ड्याच्या लढाईतील (१७९५) शिदनाक महाराच्या छावणीतील स्थानाविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. शस्त्र धारण करण्याची परंपरा समाजात होती, पण तिच्यामुळे सामाजिक दर्जा बदलत नव्हता, हे अशा आख्यायिकांवरूनही दिसते.

पलटणीतील जीवन : मुंबई सैन्याच्या पायदळात कोकण व देश या भागांतील महारांची भरती होत असे. बंगाल सैन्यात उच्चवर्णीय शिपायांचे प्राबल्य होते व तेथील जातिनियमांना लष्करी अधिकारीही मान देत. मुंबई सैन्यात मात्र निरनिराळ्या जातिधर्मांचे शिपाई एकाच पलटणीत होते. ठरावीक पगार, गणवेश, कवायत आणि दीर्घ सेवेनंतर निवृत्तिवेतन यांबरोबर नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशी बढतीची वाट शिपायास खुली होती. भेदभाव पलटणीतून पूर्णपणे नाहीसा झाला होता असे नव्हे. तथापि हुद्द्याचा मान जातीवरून नव्हे, तर अधिकारावरून ठरे.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील सु. ८०० सैनिकांच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी दिवसभर झुंज दिली. मुंबई सैन्याच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण या तुकडीत होती. तेथे उभारलेल्या स्तंभावर मृतांची नावे कोरलेली असून त्यांतील २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा महार नावांतील परिचित प्रत्यय आढळतो. तुकडीत इतर जातिधर्मांचेही शिपाई होते. शिपाई लढले ते मुख्यतः पगार, शिस्त व पलटणीची निष्ठा यांसाठी, असेच त्या काळाच्या लष्करी रीतीवरून म्हणावे लागते. या लढाईला सामाजिक मुक्तीचा अर्थ पुढील पिढ्यांनी दिला. गावात ज्यांच्या नावाची नोंद वतनाच्या कागदापलीकडे क्वचितच होई, त्यांची नावे येथे दगडावर कोरली गेली, ही गोष्ट त्या पिढ्यांना मोलाची वाटली.

शिक्षण : लष्करी सेवेचा सर्वांत टिकाऊ परिणाम शिक्षणाच्या क्षेत्रात झाला. कंपनीच्या लष्करात शिपाई व त्यांची मुले-मुली यांच्या शिक्षणाची सोय होती. नागरी शाळांची दारे अस्पृश्यांना बहुधा बंद असताना छावणीतील शाळांमुळे महार समाजात साक्षरांचा एक वर्ग निर्माण झाला. डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) हे याच वर्गातून आले. त्यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ हे सुभेदार होते व लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी काम केले. आजोबा मालोजी हेही लष्करात होते. मातुल घराणेही सैनिकी परंपरेचे होते. आंबेडकरांचा जन्म महू येथील छावणीत झाला. वाचनाची गोडी, स्वच्छ राहणी, वेळेची शिस्त आणि अर्ज-विनंत्यांची भाषा या गोष्टी सैनिकी कुटुंबांतून समाजात आल्या.

निवृत्तीनंतर : सेवेचा काळ संपला की, पलटणीतील प्रतिष्ठा व गावातील स्थान यांतील विरोध तीव्रतेने जाणवे. छावणीत ज्याला शिपाई सलाम करीत, त्याला गावी परतल्यावर सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे. त्यामुळे अनेक निवृत्त सैनिक मूळ गावी न जाता दापोलीसारख्या छावणीच्या ठिकाणी किंवा शहरांत राहू लागले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास गावाच्या बलुत्यावर अवलंबून राहावे लागत नसे; सामाजिक चळवळीसाठी लागणारे हे स्वातंत्र्य महार समाजात प्रथम या वर्गाला लाभले.

हा विरोध पुढच्या पिढीच्याही वाट्याला आला. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास वर्णिला आहे. रामजी त्या वेळी सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत होते. त्यांना भेटण्यास निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. चांगल्या कपड्यांवरून स्टेशनमास्तरांस ती ब्राह्मणांची वाटली. जात कळताच त्यांची वागणूक बदलली. गाडीवान मिळेनासा झाला. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडी मिळाली. पण गाडी मुलांनीच हाकावयाची, अशी अट पडली. रात्रभर त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. सुभेदाराच्या मुलांच्या अंगावरील कपड्यांत पलटणीने दिलेली राहणी दिसत होती. गावाने तिला मान्यता दिली नव्हती.

भरतीबंदी व अर्ज : १८५७ च्या उठावानंतर लष्कराची जातवार पुनर्रचना करण्याचा विचार बळावला. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स (कार्यकाल १८८५–९३) यांच्या काळात ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धांत प्रभावी ठरला. एकेका जातीच्या स्वतंत्र कंपन्या व पलटणी करण्याचे धोरण आले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या सेवेचा पुरावा हाती असूनही समाज ‘लढवय्या’ या वर्गवारीबाहेर टाकला गेला. रोजगार गेलाच, पण लष्करी शाळा, निवृत्तिवेतन व हुद्द्याचा मान यांची वाटही बंद झाली.

या निर्णयास पहिला संघटित विरोध निवृत्त सैनिकांनीच केला. महाडजवळच्या रावढूळ येथील गोपाळबाबा वलंगकर (मृत्यू १९००) हे १८८६ मध्ये सेवानिवृत्त होऊन दापोलीस राहिले होते. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ मध्ये त्यांनी विटाळ विध्वंसन ही पुस्तिका लिहिली व अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ मध्ये भरतीसाठी विनंतीपत्र तयार केले. रामजी सकपाळ यांनीही या कामी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले होते, असे चरित्रकार सांगतात. पुढे पुण्यातील शिवराम जानबा कांबळे यांनी सोमवंशीय मित्र हे मासिक १९०८ मध्ये सुरू केले आणि १९१० मध्ये लष्कर, पोलीस व अन्य सरकारी नोकऱ्या खुल्या कराव्यात म्हणून भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. प्रारंभीच्या अर्जांत पूर्वजांच्या राजनिष्ठेचा दाखला व कृपेची याचना होती. क्रमाक्रमाने ब्रिटिश प्रजाजन म्हणून समान हक्काचा मुद्दा पुढे आला. महाराष्ट्रातील अस्पृश्यांच्या राजकीय चळवळीची भाषा पुष्कळशी या अर्जांत घडली.

पहिले महायुद्ध व नंतर : युद्धात माणसांची गरज भासताच १९१७ मध्ये ‘१११ वी महार’ ही पलटण उभारण्यात आली, युद्धोत्तर कपातीत १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. गरजेपुरते बोलवावयाचे व गरज सरताच घरी पाठवावयाचे, हा अनुभव समाजाच्या मनात राहिला. १ जानेवारी १९२७ रोजी आंबेडकरांनी कोरेगावच्या स्तंभास भेट दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी भरतीबंदीमुळे समाजाच्या झालेल्या अवनतीकडे लक्ष वेधले. परिषदेनंतर चवदार तळ्यावर काढलेल्या मोर्च्याच्या कार्यात निवृत्त सैनिकांचा सहभाग होता. त्या सुमारास स्थापन झालेल्या समता सैनिक दलाच्या गणवेशावर व संचलनावर पलटणीचा ठसा स्पष्ट दिसतो. १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी ब्रिटिशांनाच जाब विचारला : अस्पृश्यांना पूर्वी लष्करी सेवा नव्हती, तर ती आज तरी खुली आहे काय? लष्करी सेवेचा अभिमान व साम्राज्यसत्तेची टीका या दोन गोष्टी त्यांच्या विचारांत परस्परविरोधी नव्हत्या.

महार रेजिमेंट : दुसऱ्या महायुद्धात आंबेडकरांनी स्वतंत्र महार पलटणीची मागणी लावून धरली. जुलै १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळाचे सदस्य झाले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या मूळ बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. दुसरी पलटण १९४२ मध्ये कामठी येथे उभारण्यात आली.

कामठीच्या या पलटणीचे विदर्भाच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे. कामठीची छावणी १८२१ पासूनची असली, तरी तेथे प्रामुख्याने मद्रास सैन्याच्या पलटणी असत. मुंबई सैन्याची भरती कोकण-देशावर होई. नागपूर व भंडारा भागांतील महार मुख्यतः जाडेभरडे कापड विणणे, शेतमजुरी व गावची कोतवाली यांवर जगत. १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर अनेकांना गिरणीत काम मिळाले. त्यामुळे दापोलीसारखा निवृत्त सैनिकांचा वर्ग येथे त्या प्रमाणात निर्माण झाला नाही. किसन फागू बनसोडे (१८७९–१९४६) यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी येथील जागृती शाळा, वृत्तपत्रे व कामगारवस्त्या यांतून घडविली. भंडारा जिल्ह्यातील आसगावसारख्या गावांना बेळगाव दूरचे, कामठी जवळचे. कोकणात ज्या सेवेची आठवण आजोबांपासून चालत आली होती, ती या भागात प्रथमच हाताशी आली. येथे ती गेलेल्या हक्काची परतफेड नव्हती, नवी संधी होती.

१९४६ मध्ये या रेजिमेंटचे मशिनगन दलात रूपांतर झाले. फाळणीच्या वेळी पंजाबात निर्वासितांच्या संरक्षणाचे काम तिने केले. पुढे सर्व समाजांतील जवान तिच्यात घेण्यात येऊ लागले. तिचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. भारतीय भूसेनेचे प्रमुख झालेले जनरल के. व्ही. कृष्णराव व जनरल के. सुंदरजी हे याच रेजिमेंटचे अधिकारी होत. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

मूल्यमापन : महार सैनिकांनी परकीय सत्तेची चाकरी केली, असा आक्षेप घेतला जातो, परंतु त्या काळी भारतातील बहुतेक सर्व सैनिकी समाज त्याच सत्तेच्या पलटणींत होते. उलटपक्षी, ब्रिटिश लष्कराने अस्पृश्यता दूर केली, हे म्हणणेही टिकत नाही. कारण सोयीचे नसताच त्याच लष्कराने जातीच्या आधारावर दार लावून घेतले. या इतिहासाचा गाभा सैनिकांच्या स्वतःच्या अनुभवात आहे. पलटणीत त्यांना समान वागणुकीची चव कळली, गावात तिचा अभाव जाणवला आणि भरतीबंदीने दिलेला मान काढून घेता येतो हे शिकविले. म्हणून केवळ नोकरीची मागणी कायदेशीर हक्काच्या मागणीत परिणत झाली. १९५० मध्ये अंमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली व सरकारी सेवेत समान संधीची हमी दिली. वलंगकर व कांबळे यांनी अर्जात मागितलेली गोष्ट तेव्हा नागरिकाचा हक्क ठरली.