वसतिगृहातील गीत आणि विद्यार्थ्यांचे मौन

ग्रंथालयाच्या शंभर वर्षांचा आढावा घेताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या आणि वास्तूचा विस्तार यांची नोंद अगत्याने केली जाते. वाचकाच्या मनात आलेले, परंतु ओठांवर न आलेले विचार मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत. आदिलाबाद परिसरातील मराठी वाचकांचा इतिहास पाहताना या न बोललेल्या विचारांकडेही लक्ष द्यावे लागते. कारण निजामी राजवटीत येथील वाचनाची आवड जोपासली गेली ती बोलण्यावर पहारा असलेल्या काळात.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आजचे किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पैनगंगेच्या या तीरावर निजामाचे राज्य आणि पलीकडच्या तीरावर वऱ्हाड. दोन्ही काठांवर मराठी बोलणारी, एकमेकांशी सोयरीक जोडणारी माणसे राहत होती. ब्रिटिश अमलातील वऱ्हाडातही निर्बंध होते, तुरुंगही होते. तरीही तेथे वृत्तपत्रे निघत, निवडणुका होत आणि १९३७ नंतर लोकनियुक्त मंत्रिमंडळही होते. अलीकडच्या काठावर मात्र साधी सभा भरवायची तरी सरकारची परवानगी घ्यावी लागे. नदी ओलांडताच माणसाची बोली बदलत नसे, पण तिचा स्वर खाली येत असे.

हैदराबाद संस्थानातील ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या फर्मानाने जाहीर सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. त्यापूर्वी १९२४ मध्ये खाजगी शाळांवरही असेच निर्बंध आले होते. वाचनालयांकडे संशयाने पाहिले जाई. आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून काढलेल्या ‘मराठवाडा’ पत्राला संस्थानात बंदी होई आणि ते नाव बदलून पुन्हा वाचकांकडे येई. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तिलाही आपले स्वरूप राजकीय नाही याची काळजी वाहावी लागली.

अशा व्यवस्थेचा खरा परिणाम नाकारलेल्या अर्जांवरून मोजता येत नाही. परवानगी मिळावी म्हणून आधीच सौम्य केलेले भाषण, सभेच्या कार्यक्रमपत्रिकेतून आपणहून गाळलेला विषय, मुलाने महाविद्यालयात ‘भलत्या भानगडीत’ पडू नये म्हणून वडिलांनी पत्रातून दिलेली ताकीद यांतूनच तो जाणवतो. सरकारी लेखणीला खोडण्यासारखे काही उरू नये, इतकी दक्षता माणूस स्वतःच घेऊ लागतो. बंदी ही हुकूमनाम्यातून येते. स्वतःवरची बंदी सवयीतून येते आणि म्हणूनच ती हुकूम रद्द झाल्यावरही टिकते.

या सवयीला पहिला मोठा तडा विद्यार्थ्यांनी दिला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला होता. देशी भाषेतून शास्त्रे शिकविण्याचे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र मराठी, तेलुगू आणि कानडी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना घरची भाषा आणि ज्ञानाची भाषा यांतील अंतर रोज पार करावे लागे. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्या तापलेल्या वातावरणात, नोव्हेंबर महिन्यात, औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ या गीतावरून ठिणगी पडली. प्रार्थनेच्या वेळी हे गीत म्हणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. लवकरच हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांतही तेच घडले आणि अन्यत्रही विद्यार्थी बाहेर पडले. शेकडो विद्यार्थ्यांवर निलंबनाची व नाव काढून टाकण्याची कारवाई झाली.

या घटनेतील सर्वांत कठीण क्षण गीत म्हणण्याचा नव्हता. अनेक कंठांतून एकदम उमटलेल्या आवाजात एकट्याची भीती बुडून जाते. कसोटी लागली ती नंतर. माघार घेतली तर वर्ष वाचते, घरची शेती गहाण पडत नाही, वडिलांची सरकारी नोकरी संकटात येत नाही, हे प्रत्येकाला समजत होते. तरीही पुष्कळांनी माघार घेतली नाही. जे परतले त्यांनाही भित्रे म्हणणे न्यायाचे होणार नाही. कारण कुटुंबाच्या पोटावर पाय येत असताना बोलणे हा चैनीचा प्रश्न नसतो.

बाहेर पडलेल्यांच्या मदतीला नागपूर विद्यापीठ धावून आले. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या कारकिर्दीत या विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश मिळाला. काझीपेठहून बल्लारशामार्गे नागपूरकडे जाणारा लोहमार्ग आसिफाबाद, सिरपूर या भागांतून जातो. एका राज्याने दार लावले तेव्हा दुसरे दार उघडण्याचा मार्ग असा आदिलाबाद जिल्ह्याच्या रानातून गेला होता. नागपूरला गेलेल्यांत वरंगलकडील एक तरुण होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे पंतप्रधान झालेल्या या गृहस्थांनी हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा ‘अबला जीवितम्’ हा तेलुगू अनुवाद केला. मनातले बोलण्याची सोय नसलेल्या एका स्त्रीची ती कहाणी. बोलू न दिलेल्या विद्यार्थ्याच्या हातून तिला दुसरी भाषा मिळावी, हा योगायोग ग्रंथप्रेमींना विशेष वाटेल.

या लढ्याकडे दोन धर्मांतील भांडण म्हणून पाहणे अपुरे ठरेल. या गीतातील काही कडव्यांविषयी मुस्लिम समाजात आक्षेप होते आणि काँग्रेस कार्यकारिणीने १९३७ मध्येच पहिली दोन कडवी स्वीकारण्याचा निर्णय घेतला होता. वादाचे ते एक अंग झाले. मताचा उच्चार करणाऱ्याला राज्याने शिक्षणापासून तोडावे काय, हा प्रश्न त्याहून मोठा होता. उस्मानियाचाच पदवीधर शोएबुल्ला खान याने ‘इमरोज’ या उर्दू पत्रातून संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार केला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्याची हत्या झाली. निर्भय वाणीला धर्माची वा भाषेची मक्तेदारी नसते.

जिल्ह्यातील गोंड समाजाचा अनुभव तर याहूनही तीव्र. जमिनीच्या हक्कासाठी उभा राहिलेला कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर येथे आलेले मानववंशशास्त्रज्ञ हैमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. ज्यांना आपली तक्रार स्वतः लिहिता येत नव्हती, त्यांच्या हाती अक्षरे देणे हीदेखील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचीच पायाभरणी होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५० च्या राज्यघटनेने एकोणिसाव्या कलमात भाषणस्वातंत्र्याची हमी दिली. तरी सवय पुन्हा परतू शकते, हे १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीने दाखविले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जे धैर्य दाखविले ते लक्षात राहते, याचे एक कारण तेव्हा पुष्कळांनी मौन पत्करले होते हेही आहे.

आज महाविद्यालयीन विद्यार्थ्याला गश्ती फर्मान दाखविणारा कोणी नाही. तरी वर्गात राजकीय विषय निघाला की तो आधी आजूबाजूला पाहतो. अंतर्गत गुण, शिष्यवृत्ती, उद्याची नोकरी, खिशातील फोनवर कोणी टिपून ठेवलेले वाक्य यांचा विचार त्याच्या मताआधी येतो. सत्ताधाऱ्यांची भीती असते, तशी मित्रमंडळाची आणि जातभाईंचीही असते. परस्परविरुद्ध मतांचे ग्रंथ एकाच कपाटात ठेवणारे ग्रंथालय अशा तरुणाला निदान इतके शिकवू शकते, की मतभेदाने कपाट मोडत नाही.

वाचनकक्षाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. ती शांतता वाचणाऱ्यासाठी आहे. वाचून उठलेला विद्यार्थी दाराबाहेर पडल्यावर मोकळेपणाने बोलू शकला, तरच ग्रंथालयाची शंभर वर्षे सार्थकी लागली असे म्हणता येईल.