ताप अंगात, मग तपासणी लघवीची का?

"डॉक्टर, ताप अंगात आहे, मग लघवी कशाला तपासायची?" पावसाळ्यात कर्जत-खालापूर भागात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्याचं उत्तर घाटापलीकडे, पुण्यात सुरू होतं.

१९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभं राहिलं. तेच आजचं एनआयव्ही. तेव्हा पीसीआर नव्हतं. माणसाच्या रक्तातलं सीरम विषाणूमध्ये मिसळून ते उंदरांना टोचत. उंदीर जगले, तर सीरममध्ये त्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीज आहेत असं समजत. १९५४ साली अशाच एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतातल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्ताने झिका विषाणूला निष्प्रभ केलं होतं. हा विषाणू १९४७ साली युगांडातल्या माकडात सापडलेला!

मग झिका आपल्याकडे तेव्हाच होता का? ठामपणे सांगता येत नाही. झिका आणि डेंग्यू एकाच घराण्यातले. एकासाठी तयार झालेली अँटीबॉडी दुसऱ्यालाही चिकटू शकते. आजच्या आयजीएम चाचणीतही हीच अडचण येते.

१९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली आणि पुढे विषाणूचं जनुकीय द्रव्य थेट शोधता येऊ लागलं. पण ते नमुन्यात असेल तरच सापडणार. झिका रक्तातून साधारण आठवड्याभरात नाहीसा होतो. लघवीत तो त्यापेक्षा जास्त दिवस सापडतो, हे २०१५ साली न्यू कॅलेडोनियातल्या रुग्णांच्या अभ्यासातून प्रसिद्ध झालं. म्हणून झिकाचा संशय असेल, तर रक्ताबरोबर लघवीही तपासतात.

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाची साथ होती. बरेच रुग्ण चिकुनगुन्याचे निघाले. त्यातच एका महिलेला चिकुनगुन्याबरोबर झिकाही असल्याचं एनआयव्हीच्या तपासणीत आढळलं. महाराष्ट्रातली ती पहिली नोंद. एक रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून तपास तिथेच थांबला असता, तर झिका दिसलाच नसता.

झिका बहुतेकांना सौम्य जातो, पण गरोदरपणात बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकतो. ताप-पुरळ आलेली गरोदर बाई नवव्या दिवशी दवाखान्यात आली आणि आपण फक्त रक्ताची पीसीआर करून 'निगेटिव्ह, काळजी नको' म्हटलं, तर तो दिलासा खोटा ठरू शकतो.

तापाच्या प्रत्येक रुग्णाला झिकाची तपासणी लागत नाही. डेंग्यूसाठीही पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम, असा दिवस पाहूनच निर्णय होतो. म्हणून एवढं करा : ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहून ठेवा आणि गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या तारखेशिवाय रिपोर्टचा अर्थ लावणं आम्हालाही अवघड जातं.