रस्त्याकडेचा गट आणि आतला गट

आमच्या वढू बुद्रुकला जमीन बघायला येणारा माणूस मातीचं काही विचारत नाही. तो विचारतो, गट रस्त्याला लागून आहे का? कोरेगाव भीमा, सणसवाडी, रांजणगावला कारखाने आले तसा भीमाकाठच्या ऊस-कांद्याच्या रानाला गुंठ्याचा भाव आला. रस्त्याकडेचा भाऊ आधी इसार घेतो. आतल्या भावाची वाट, पाइपलाइन, सामाईक विहिरीतली पाळी सगळंच अडतं, आणि शेवटी तो पडेल भावात सही करतो. वाटण्या होताना बांधावरून झाली नाहीत एवढी भांडणं मी प्लॉटिंगच्या काळात पाहिली.

म्हणून मला पुण्यातल्या हडपसरच्या मगरपट्ट्याचा, शेतकऱ्यांनी मिळून उभारलेल्या वसाहतीचा, इतिहास मोलाचा वाटतो. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर तिथं ऊस आणि भाजीपाला पिकायचा. हडपसर पुणे महापालिकेत गेलं, भोवती कारखाने उठले. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा आला. १९८२ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात ही शेती भावी नागरीकरणाच्या पट्ट्यात दाखवली गेली. जमीन शेती म्हणून टिकणार नाही, हे तेव्हाच कळून चुकलं. प्रश्न उरला तो ती कुणाच्या हातून बदलणार एवढाच.

तिथल्याच शेतकरी कुटुंबातल्या सतीश मगर यांनी भावकीला एकत्र बसवलं. सुमारे १२० कुटुंबं, चारशेहून अधिक एकर. एकेकाचा होकार मिळवण्यात वर्षं गेली. जमीन बिल्डरला विकायची नाही, सगळ्यांनी मिळून कंपनी काढायची आणि ज्याचं जेवढं क्षेत्र तेवढा त्याचा हिस्सा, असं ठरलं. त्यातही मला सगळ्यांत मोठी वाटते ती एक अट: रस्त्याकडेची जमीन आणि आतली जमीन एकाच मोलाची धरायची. ज्याच्या वाट्याला हमरस्ता होता त्यानं आपला जादा भाव सोडला, म्हणून आतल्याला भरवसा आला. हा समजुतीचा पाया नसता तर वास्तुविशारद हाफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचा वसाहतीचा आराखडा कागदावरच राहिला असता.

२००० साली बांधकाम सुरू झालं. शेतकऱ्यांच्या पोरांनी शिकून तिथंच माल पुरवण्याची, बांधकामाची कामं घेतली. घरं विकली गेली, पण आयटी कंपन्यांच्या इमारतींचं भाडं येत राहिलं. ऊस गेला तरी उत्पन्न चालू राहिलं. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड गावच्या शेतकऱ्यांनीही मगर यांना सोबत घेऊन सुमारे ७०० एकरांवर नांदेड सिटी उभारली.

पण या रचनेत हिस्सा मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. बांधावर राबलेला सालगडी, वाटेकरी त्यात येत नाही. घरच्या मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली दिला. तरी आमच्याकडे बहिणीची सही बहुतेक वेळा हक्कसोडपत्रावरच दिसते. एकत्र यायचं तर तिचा वाटा धरूनच यायला हवं, आणि ज्यांनी ते रान कसलं त्यांच्या पोरांना कामात पहिला मान हवा.

वढूत चारशे एकर जुळणं अवघड आहे, हे मी जाणतो. पण एका गटातले चार चुलतभाऊ जुळू शकतात. इसारपावतीवर पहिली सही होण्याआधी त्यांनी एकदा बसावं आणि आतल्या भावाला रस्त्याकडेच्या भावाइतकाच भाव कबूल करावा. एवढं जमलं तर पुढचा व्यवहार आपल्या अटींवर होईल.