दापोडीची बाग
* पुण्याजवळची दापोडीची सरकारी बाग. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८ मध्ये सुरू झाली. १८३८ पासून तिचा कारभार सर्जन अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होता. परमुलखातली झाडे इथल्या हवेत तगतात का हे पाहणे, रोपे-बियाणे वाटणे आणि लष्करी दवाखान्यांना औषधे पुरवणे, अशी तिची कामे. जुन्नरजवळ हिवऱ्याची औषधी बागही गिब्सन यांच्याच देखरेखीखाली असे. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्याच सुमारास एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने बागेतल्या झाडांची चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही. पुढे बागेचे काम गणेशखिंडीत गेले. — संपा.