चाप, सराव आणि शस्त्रकायदा : दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरविषयी एक टिपण

काशीमीरा येथून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उल्हास नदीच्या खाडीकाठी घोडबंदरचा किल्ला आहे. १७३७ साली साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या काळी बंदूक चालविणे हा शिपाईपेशाचा भाग होता आणि ती विद्या पथकातच हस्तगत होई. पुढे दीड शतकाने याच प्रदेशातील सामान्य मनुष्यास परवान्यावाचून शस्त्र बाळगणेही अशक्य झाले. नेमक्या याच काळात असे एक शस्त्र प्रचारात आले की, ज्याचे सारे सामर्थ्य सरावावर अवलंबून होते. ते शस्त्र म्हणजे दुहेरी क्रियेचे रिव्हॉल्व्हर होय.

कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरात प्रत्येक बाराच्या वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. चाप केवळ तो सोडून देई. रॉबर्ट ॲडम्स याने १८५१ मध्ये पेटंट घेतलेल्या शस्त्रात चाप ओढताच गोळ्यांचे चक्र फिरे, घोडा मागे जाई आणि सुटेही. बार भराभर काढता येऊ लागले खरे. परंतु चापाची ओढ लांब व जड झाल्याने नेम ढळू लागला. १८५६ मध्ये बोमाँट या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याने दोन्ही रीती एकाच यंत्रात आणल्या : सवड असल्यास घोडा अंगठ्याने चढवावा, नसल्यास नुसता चाप ओढावा. 'दुहेरी क्रिया' ही संज्ञा यावरूनच सार्थ ठरते. १८५७ च्या संग्रामात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती अशी शस्त्रे होती.

यंत्राने निर्माण केलेली ही अडचण यंत्राने पूर्णपणे सुटणारी नव्हती. ती हाताच्या शिक्षणाने सुटावयाची होती. मूठ शक्य तितकी उंच व घट्ट धरावी, चाप मध्ये न थांबता एकसारख्या वेगाने मागे आणावा, दृष्टी नळीच्या टोकावरील माशीवर स्थिर ठेवावी आणि बार झाल्यावर चाप तितक्याच संयमाने पुढे जाऊ द्यावा, हे त्या शिक्षणाचे सार होय. चक्र रिकामे असल्याची खात्री करून घेऊन सहस्रावधी वेळा केलेली कोरडी ओढ हाच त्याचा पाया. अमेरिकन नेमबाज एड मॅकगिव्हर्न याने १९३२ मध्ये अशा रिव्हॉल्व्हरने ०.४५ सेकंदात ५ गोळ्या झाडून जवळजवळ एकाच जागी बसविल्या. जड चाप हा नेमास अपरिहार्य अडथळा नव्हे, हे त्यावरून सिद्ध झाले.

असा सराव कोणास करता येई, हा प्रश्न मात्र राजकीय होता. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी लोकांवर परवान्याचे बंधन घातले. युरोपियनांना नियमांन्वये सूट होती. या विषमतेचे स्वच्छ दर्शन लंडनमधील एका खटल्यात घडते. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीचा वध केला. त्यांनी टॉटनहॅम कोर्ट रोडवरील नेमबाजीच्या जागेत सुमारे तीन महिने, आठवड्यातून दोन-तीन वेळा सराव केला होता. त्याच सायंकाळी १८ फुटांवरून झाडलेल्या १२ गोळ्यांपैकी ११ लक्ष्यावर लागल्या, अशी साक्ष तेथील चालकाने दिली. साम्राज्याने वसाहतीत जे नाकारले, ते त्याच्या राजधानीत पैसे मोजून मिळत होते.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. धिंग्रांचे शस्त्र स्वयंभरण पिस्तूल होते, रिव्हॉल्व्हर नव्हे. त्याच वर्षी सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याकरवी हिंदुस्थानात पाठविलेली २० ब्राउनिंग पिस्तुलेही याच जातीची होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या अशाच पिस्तुलाने. या शस्त्रात प्रत्येक बारानंतर घोडा आपोआप चढतो. लांब ओढीचे शिक्षण त्यास लागत नाही. निवडीमागील हेतू काहीही असो, सरावाची उणीव यंत्राने काही अंशी भरून काढली, हा तिचा परिणाम होय. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

याउलट २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडले. हॉटसन वाचला. परंतु हे अपयश नेमबाजीच्या खाती घालणे अयोग्य ठरेल. अंतर अगदी थोडे होते. खिशातील वस्तूच्या धातूवर गोळी अडली.

तात्पर्य, क्रांतिकारकांच्या शस्त्रप्रयोगांचे मूल्यमापन धैर्य वा दैव या दोनच शब्दांत आटोपणे इतिहासाभ्यासकास शोभत नाही. शस्त्र कोणत्या जातीचे, अंतर किती आणि सरावास मोकळीक होती काय, हे तीन प्रश्न प्रत्येक प्रसंगी विचारले पाहिजेत. त्यांपैकी तिसऱ्याचे उत्तर शस्त्रशाळेत नव्हे, तर कायद्याच्या पुस्तकात सापडते.