वाट कोणाची? मिठागरापासून आंतरजालापर्यंत

पेडणे तालुक्यातील केरी येथून तेरेखोलला जायचे तर मध्ये नदी आहे आणि नदीवर सरकारी फेरीबोट आहे. डिचोली तालुक्यातील नार्व्याहून दिवाडी बेटावर जाणाऱ्यालाही असाच फेरीबोटीचा आधार. पायी उतारूला पैसे पडत नाहीत. तथापि या सोयीची खरी थोरवी फुकटपणात नाही. पैलतीरी उतरून तुम्ही कोणाच्या दुकानात किंवा कोणत्या देवळात जाणार, हे फेरीबोटीवर कोणी विचारीत नाही. आलेल्या प्रत्येकास भेद न करता पोचवावे, हा वाहकाचा जुना धर्म. आंतरजालाच्या बाबतीत त्यालाच आज ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात. हा शब्दप्रयोग टिम वू या अमेरिकन कायदेपंडिताने २००३ साली रूढ केला. तत्त्व मात्र त्याहून बरेच जुने. अमेरिकेच्या काँग्रेसने १८६० साली पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतच्या तारायंत्रासाठी जो कायदा केला, त्यात कोणाचाही संदेश निःपक्षपातीपणे व आलेल्या क्रमाने धाडावा असे कलम होते. सरकारी संदेशांना मात्र अग्रक्रम होता. हा अपवाद वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

वाट चालविणाऱ्याने मालात भेद केला की काय होते, याचे उदाहरण आमच्या घरचेच आहे. पेडण्यातील आगरवाडा या गावाच्या नावातच मिठाचे आगर आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात तह झाला. त्या अन्वये गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीचा अडसर दूर झाला आणि मुरगावच्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. बदल्यात गोव्यातील मीठ-उत्पादनाचे व विक्रीचे नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेले आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाकाठी चार लक्ष रुपये मिळू लागले. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता. गोव्याचे स्वस्त मीठ घाटावर चढले की तो बुडत असे. म्हणजे इतर मालाला वाट मोकळी झाली आणि ज्या एका जिनसेची स्पर्धा वाटेच्या धन्याला नको होती, नेमकी तीच अडली. तह १८९२ मध्ये संपुष्टात आला. तोवर कित्येक मिठागरे ओस पडली होती.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने आंतरजालावरून होणाऱ्या दूरध्वनी संभाषणावर वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले, तेव्हा आम्हांस हाच तह आठवला. असे संभाषण कंपनीच्या स्वतःच्या कॉलविक्रीला मारक होते, मिठाचीच गोष्ट. ओरड झाली आणि तो बेत मागे पडला. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, या विषयावर जनतेची मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-पत्रे गेली. त्याच सुमारास फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना पुढे आली : निवडक संकेतस्थळे गरिबांना फुकट. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडे मिळाले तर काय वाईट, असा युक्तिवाद केला गेला. तो अगदीच टाकाऊ नव्हता. पण फेरीबोट फुकट आहे आणि ती एकाच सावकाराच्या धक्क्याला लागते, असे नार्व्यात झाले असते तर बेटावरचा बाजार कोणाच्या हाती गेला असता? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने मजकुरानुसार दरात भेद करण्यास बंदी घातली, उल्लंघनास दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मजकूर अडविणे, मंदावणे वा त्याला झुकते माप देणे यांविरुद्धच्या शिफारशी स्वीकारल्या. आमच्या मते हे निर्णय योग्यच होते. (सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसास नियमांविषयी जरा अधिक ममत्व असते, ही सूट वाचकांनी द्यावी.)

मात्र नियमाने मनोरे उभे राहत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत सांगे, सत्तरीकडील मुले वर्गासाठी डोंगर चढून ‘रेंज’ शोधीत होती. त्यांच्यापुढे भेदभावाचा प्रश्नच नव्हता, कारण वाटच नव्हती. त्यासाठी सरकारी पैसा लागतो, तो स्वतंत्र विषय.

आता तो १८६० चा अपवाद. कंपन्यांना वेसण घालणाऱ्या सरकारला कोण आवरणार? सालाझारच्या राजवटीत गोव्यातील छापील अक्षर आधी सेन्सॉरपुढे जाई. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले, ते प्रथम आंबोलीच्या रानातून, गोव्याच्या सीमेबाहेरून. घरातली वाट बंद होती म्हणून आवाजाला रानातून यावे लागले. स्वतंत्र भारतातही आंतरजाल बंद ठेवण्याचे आदेश निघतात. अशी बंदी बेमुदत असू नये आणि तिचे आदेश प्रसिद्ध करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या संदर्भात सांगितले.

म्हणून नियमन हवे, पण ते मंत्र्याच्या मर्जीवर नको. अमेरिकेत हाच नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परतला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयात रद्द झाला. आपल्याकडे तो टिकून आहे. परंतु प्राधिकरणाचा आदेश व परवान्याच्या अटी यांवर. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याचा स्पष्ट उल्लेख नाही. इकडे दूरसंचार कंपन्यांची संघटना मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या वापराचा मोबदला द्यावा अशी मागणी लावून धरीत आहे. हा मोबदला आज धनाढ्यांकडूनच घेतला जाईल. पण एकदा मजकुरामागे दर लावण्याची प्रथा पडली की डिचोलीतल्या एखाद्या वाचनालयाच्या संकेतस्थळापर्यंत ती पोचणार नाही, अशी हमी परवान्याच्या अटींत आम्हांस दिसत नाही. ती संसदेने कायद्यातच लिहावी.